बर्फाचा दिवस आणि सत्यशुद्ध कायक

गेल्या महिन्यात मठातील अनुभावगोष्टी संपली, प्रसाद झाला, मंडळी पांगू लागली, तेव्हा एक अक्का मागे थांबल्या. बेळगावच्याच आहेत. आयुष्यभर शाळेत शिकविले, आणि वचनांचा नित्यपाठ कधी चुकविला नाही. त्यांचा मुलगा अमेरिकेत, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी या शहरी, संगणकाच्या नोकरीत आहे. त्या म्हणाल्या, "अण्णा, एक विचारायचं आहे. परवा मुलाचा फोन आला. भलताच खुशीत होता. म्हणाला, आई, रात्रीत दीड फूट बर्फ पडलं, मग काल कामावर गेलोच नाही. आम्ही चौघे मित्र डोंगरावर स्की खेळायला गेलो. मी विचारलं, ऑफिसात काय सांगितलंस? तर हसून म्हणाला, अंगात कणकण आहे म्हणून कळवलं. अण्णा, ज्याला लहानपणापासून कायकाची थोरवी सांगितली, तो पोरगा बर्फात खेळायला काम बुडवतो. हे पाप म्हणायचं की नाही?"

मी लगेच उत्तर दिले नाही. पाप म्हणावे तर मातेच्या मनाला बोच लागणार. नाही म्हणावे तर ज्या तत्त्वावर शरणांचे जीवन उभे राहिले त्यालाच बगल दिल्यासारखे होणार. "अक्का, पुढच्या बैठकीपर्यंत मुदत द्या," असे म्हणून मी मुलाचा नंबर घेतला आणि एका रविवारी त्याच्याशी तासभर बोललो. त्याने जे सांगितले, मी जे वाचून पडताळले आणि त्यावर जे चिंतन घडले, ते वाचक शरणबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे. प्रश्न एका मुलाचा नाही. ज्या घरात कायक हा शब्द श्रद्धेने उच्चारला जातो, त्या घरात 'मग विसावा केव्हा घ्यायचा?' हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच.

प्रथम त्या बर्फाविषयी. बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरबताच्या गाडीवरची लादी येते. हे बर्फ तसे नव्हे. थंडी कडक आणि हवा कोरडी असली की आकाशातून उतरणारे हिमकण चांदणीच्या नक्षीचे आणि अतिशय हलके असतात. ते एकमेकांवर अलगद टेकून राहतात. मध्ये सारी हवाच. जात्याभोवती पीठ साचावे तसा त्याचा थर साचतो. तिकडचे लोक त्याला पावडर म्हणतात. सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला डोंगराच्या एका अरुंद दरीत आल्टा नावाचे गाव आहे. एकेकाळी तेथे चांदीच्या खाणी होत्या. पुढे खाणी ओस पडल्या आणि १९३९ च्या जानेवारीत स्की खेळणाऱ्यांना वर नेणारा पाळणा तेथे सुरू झाला. एका हिवाळ्यात तेथे सरासरी ५०० इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे १३ मीटर बर्फ पडते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर ९०३ इंच पडले. आणि ते इतके हलके की शंभर सेंटिमीटरचा थर वितळविला तर जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर पाणी निघावे.

मुलगा म्हणाला, "अण्णा, त्यातून उतरताना पायाखाली जमीन आहे असं वाटतच नाही. आवाजही होत नाही." हे सांगताना त्याचा स्वर बदलला होता, हे मी लक्षात ठेवले.

पण हे सुख साठवून ठेवता येत नाही. ऊन लागले की ते बर्फ जड होते, वारा सुटला की दडपून कडक होते, आणि दोन-तीन तासांत शेकडो माणसे उतरून गेली की कोरा उतार उरत नाही. म्हणजे रविवारपर्यंत थांबतो म्हटले तर रविवारी ते नसते. आपल्याकडे मिरगाचा पाऊस झाल्यावर रानाला वाफसा आला की शेतकरी लग्नघरातूनही उठून पेरणीला धावतो. वाफसा कोणासाठी खोळंबत नाही. त्या बर्फाचे तसेच आहे. फरक एवढाच की शेतकरी कामाकडे धावतो आणि हा मुलगा कामापासून दूर धावला. सारा प्रश्न या फरकात आहे.

आता अक्कांची बाजू पाहू. ती लेचीपेची नाही. आयदक्की मारय्या या शरणांचे नाव घेतले की त्यांचा कठोर विचार आठवतो. कायकात गढलेल्याने गुरू दारी आले म्हणूनही हात थांबवू नये, इतकी कायकाची निष्ठा त्यांनी सांगितली. जेथे गुरूसाठी थांबायचे नाही, तेथे बर्फासाठी थांबायचे? शिवाय मारय्यांचे स्वतःचे उदाहरण आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक. कल्याणात एकदा अनुभावाच्या गोष्टींत ते इतके रमले की कायकाची वेळ टळून गेली. तेव्हा पत्नी लक्कम्मांनी त्यांना जागे केले आणि कामावर धाडले, अशी कथा आहे. शरणांची संगत ती, केवढी पवित्र! तिच्यासाठी झालेला उशीरही लक्कम्मांनी चालू दिला नाही. मग मित्रांच्या संगतीत डोंगरावर घालविलेला दिवस कसा चालेल?

परंतु आपण ही कथा येथेच थांबवितो आणि उरलेली अर्धी विसरतो. तेच मारय्या आणखी एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. आज पुष्कळ मिळाले म्हणून लक्कम्मा संतोषल्या का? नाही. आपल्याला रोज जेवढे लागते तेवढेच आपले. हे जास्तीचे जेथून आणले तेथे टाकून या, असे त्यांनी पतीला सांगितले. म्हणजे एकाच माउलीने कमी काम केल्याचाही दोष दाखविला आणि जास्त आणल्याचाही. कायकाला खालून मर्यादा आहे तशी वरूनही आहे. आज आपल्या मुलांना खालची मर्यादा सारे जग शिकविते. वरची शिकविणारी लक्कम्मा घरोघर हवी आहे. अमेरिकेत तर खाजगी नोकराला पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्र सरकारचा कायदा नाही. मालक देईल तेवढी. रात्री दहालाही संगणक उघडावा लागतो. अशा ठिकाणी 'आणखी, आणखी' म्हणत राबणे म्हणजेच कायक असे समजणे ही गफलत होय.

आणि विसाव्याचे म्हणाल, तर आपल्याच रीतीकडे पाहा. आपल्या भागातील कित्येक गावांत शेतकरी सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. बेंदराला त्याच्या मानेला तेल-हळद लावतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळी चारतात. बैलाहून अधिक कष्ट कोण करतो? बसवण्णांचे नावच त्याच्यावरून आले. ज्या समाजाने त्या मुक्या कष्टकऱ्याचा विसाव्याचा दिवस इतकी वर्षे राखला, त्याने माणसाच्या विसाव्याला पाप म्हणू नये. तेव्हा त्या मुलाने एक दिवस काम केले नाही, एवढ्याने त्याचे कायक मोडले असे मला वाटत नाही.

स्की हे तरी निव्वळ चैनीचे साधन आहे काय? ज्या फळ्यांवर आज लोक खेळतात त्याच फळ्या बांधून नॉर्वेत जन्मलेला जॉन थॉम्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून टपाल नेत असे. १८५६ पासून १८७६ मध्ये मरेपर्यंत, सुमारे वीस हिवाळे. कॅलिफोर्नियातील प्लेसरव्हिलपासून डोंगरापलीकडच्या जेनोआपर्यंत सुमारे ९० मैलांची वाट, जायला तीन दिवस, यायला दोन, पाठीवर पत्रे, औषधे आणि इतर सामान. त्याच्या श्रमाचे पुरते मोल सरकारने त्याला कधीच दिले नाही. तरी पलीकडचे लोक वाट पाहतात म्हणून तो जात राहिला. त्याच फळ्या एकाच्या पायी कायक झाल्या, दुसऱ्याच्या पायी क्रीडा. दोष वस्तूत नसतो.

मग दोष कोठे आहे? माझ्या मते तो 'अंगात कणकण आहे' या तीन शब्दांत आहे.

शरण नुसते कायक म्हणत नाहीत, सत्यशुद्ध कायक म्हणतात. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी मी कारकून होतो. एका पावसाळ्यात घटप्रभेला पूर आला आणि गोकाकचा धबधबा दुथडी कोसळतो आहे असे कळले. आम्ही तिघे मित्र निघालो. मी कचेरीत ताप आल्याची चिठ्ठी पाठविली. धबधबा पाहिला, त्याचे तुषार अंगावर घेतले, ते दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर माझ्या शेजारच्या वयस्कर कारकुनाने माझ्या टेबलावरचे सारे टपाल निपटून ठेवले होते. वर म्हणतात, "ताप उतरला का रे? आजच्या दिवस तरी घरी पडायचं होतंस." मला मान वर करवेना. धबधबा पाहिल्याचे मला कधी वाईट वाटले नाही. त्या भल्या माणसाची काळजी मी लबाडीने घेतली, हे मात्र आजही खुपते. आनंद माझा आणि किंमत त्यांची, तीही त्यांना न विचारता.

खोटे बोलून घेतलेल्या रजेत दोन नुकसाने आहेत. एक तर ज्याच्यावर काम पडते त्याचा होकार घेतलेला नसतो. आणि दुसरे, तो आनंद उघड सांगता येत नाही; लपवावा लागतो. जे लपवावे लागते ते वाटता येत नाही, आणि जे वाटता येत नाही ते दासोहात बसत नाही. मुलाने आईला हसत सांगितले, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगू शकला नाही. मी त्याला विचारले, "त्या दिवशी तुझं काम कोणी केलं?" तो थोडा थांबला. म्हणाला, "एक व्हिएतनामी मुलगी आहे आमच्यात, ती रात्री नऊपर्यंत बसली." मी पुढे काही बोललो नाही.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. एक जण रजा घेऊन डोंगरावर जातो, पण डोंगर आपोआप मोकळा होत नाही. ज्या दिवशी बर्फ फार, त्या दिवशी हिमस्खलनाची भीतीही फार. आल्टाच्या दरीतील रस्त्यावर बर्फाचे लोट कोसळतात. तेव्हा पहाटे अंधारात रस्ता बंद करतात, गावातील लोकांना घरातून बाहेर पडू देत नाहीत, आणि अनुभवी माणसे स्फोटके लावून धोक्याचे थर आधीच खाली पाडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हिमस्खलनाचा अभ्यास याच गावी आकाराला आला. डोंगरावर तोफा डागूनही बर्फ पाडीत. डोंगरावरच्या सुरक्षा पथकाला स्की पेट्रोल म्हणतात. कोणाचे हाड मोडले तर त्याला खाली आणणे हेही त्यांचेच काम. बर्फ सारणारे गाडीवान, पाळण्यावरचे मजूर, उपाहारगृहातील भांडी घासणारे, हे सगळे त्या दिवशी अधिक राबतात. सुट्टी घेणाऱ्याच्या आनंदाखाली रजा न मिळणाऱ्यांचे कायक अंथरलेले असते.

सॉल्ट लेक सिटीपासून जवळच पार्क सिटी म्हणून ठिकाण आहे. तेथील सुमारे दोनशे स्की पेट्रोल कामगारांनी २७ डिसेंबर २०२४ पासून जवळजवळ दोन आठवडे संप केला. सुरुवातीचा ताशी पगार २१ डॉलरचा २३ डॉलर करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. ऐन नाताळच्या सुट्टीत डोंगराचा मोठा भाग उघडता आला नाही, आणि लांबून आलेली हजारो माणसे पाळण्याच्या रांगेत ताटकळत राहिली. पुष्कळांना तेव्हाच कळले असेल की आपण ज्याला डोंगराचे सुख म्हणतो ते कोणाच्या तरी हातचे आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तडजोड होऊन पगार वाढला. कायक करणाऱ्याला पुरेसा मोबदला मिळावा हा विचारही कायकाचाच भाग आहे, हे आपण विसरू नये.

आता मित्रांविषयी. मुलाने मला तिकडची एक म्हण सांगितली. तिचा आशय असा की पावडरच्या दिवशी कोणी कोणाचा मित्र नसतो. म्हणजे बर्फ ताजे असताना मागे राहिलेल्यासाठी थांबू नये. ज्याने त्याने आपला कोरा उतार गाठावा. लोक ती थट्टेने म्हणतात, पण वागतातही तसे. मी ऐकून चकित झालो. मित्रांबरोबर म्हणून घर सोडायचे आणि डोंगरावर पोचताच मित्राला टाकायचे!

पण त्याच डोंगराचा दुसरा नियम या म्हणीला खोटे पाडतो. सुरक्षा पथक जेथे नाही अशा मोकळ्या डोंगरात जाणारे लोक अंगावर संदेश देणारे छोटे यंत्र बांधतात, आणि पाठीवर फावडे व लांब सळई घेतात. ही साधने स्वतःला वाचविण्यासाठी नसतात. बर्फाखाली पुरलेला माणूस हातसुद्धा हलवू शकत नाही. ती मित्राला शोधून उकरून काढण्यासाठी असतात. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर माणूस बहुधा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. शहरातून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणजे माझा जीव माझ्या पाठीवरच्या पिशवीत नाही, मित्राच्या पिशवीत आहे. आणि त्याचा माझ्या.

१९ फेब्रुवारी २०१२ ची घटना आहे. वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पास या ठिकाणी ताजे बर्फ भरपूर पडले होते. सोळा जण, त्यांतील बहुतेक निष्णात, हद्दीपलीकडच्या एका उतारावर गेले. हिमस्खलन झाले. तिघे गेले. एक बाई पाठीवरच्या हवेच्या पिशवीमुळे वाचल्या. पुढे जे लिहिले गेले त्यातून असे दिसले की निघताना अनेकांच्या मनात शंका होती. एवढा मोठा घोळका नको, आज नको, असे काहींना वाटले होते. पण इतके जाणकार सोबत आहेत, आपण कशाला बोला, म्हणून जो तो गप्प राहिला. सोळा मित्र होते, आणि त्या क्षणी मैत्रीने तोंड उघडले नाही. पुढे ज्यांनी धावत जाऊन हाती फावडे घेतले तेही मित्रच. ते जिवाच्या आकांताने उकरीत होते. तिघांच्या बाबतीत मात्र वेळ टळून गेली होती.

शरणांच्या संगतीला आपण एवढे महत्त्व का देतो? एकत्र बसून गोड गोड बोलण्यासाठी नव्हे. चुकले तर 'हे चुकले' म्हणणारे कोणीतरी असावे म्हणून. लक्कम्मांनी मारय्यांना सांगितले ते असेच. पतीला न दुखविण्यासाठी त्या गप्प बसल्या असत्या तर आज त्यांचे नावही उरले नसते. डोंगरावर 'आज नको' म्हणणारा मित्र, आणि ऑफिसला निघताना 'खोटं सांगू नकोस, सरळ रजा माग' म्हणणारा मित्र, हे दोघे एकाच जातीचे.

आता या साऱ्याचा मेळ कसा घालायचा? मला वाटते तो प्रसाद या शब्दात सापडतो. ते बर्फ कोणी मिळविलेले नाही. कोणाच्या पगारात ते लिहिलेले नाही. रात्रीत आले, दुपारी जाणार. असे जे आपल्या कष्टाविना येते ते प्रसाद म्हणून घ्यावे, हीच शरणांची रीत. आणि प्रसाद कसा घेतात हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. पंगतीत बसतात. शेजाऱ्याच्या पानात वाढले की नाही पाहतात. पानात लागेल तेवढेच घेतात, टाकत नाहीत. चोरून घेत नाहीत. प्रसाद नाकारणे हे जसे योग्य नव्हे, तसे दुसऱ्याला ढकलून पुढे हात करणेही योग्य नव्हे. पंगत मोडून जो घेतला त्याला प्रसाद कसे म्हणावे?

पुढच्या बैठकीला अक्का आल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अक्का, मुलाला 'का गेलास?' असं विचारू नका. तीन गोष्टी विचारा. जाताना खरं सांगितलंस का? तुझं ओझं ज्याच्यावर पडलं त्याला विचारलंस का, आणि त्याची फेड केलीस का? आणि मित्राला मागे टाकून पुढे गेलास का? तिन्हींची उत्तरं नीट आली तर त्याला म्हणा, पुढच्या वेळी बर्फ पडलं की आईला फोटो पाठव."

अक्का हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याशी बोलल्यावर त्यानं आपण होऊनच साहेबाला खरं सांगितलं, अण्णा. साहेब थोडा चिडला, तो दिवस आजारपणातून काढून रजेत लिहिला. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा बर्फ पडलं. त्या दिवशी हा ऑफिसात बसला आणि त्या व्हिएतनामी मुलीला डोंगरावर पाठवलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा पायाला स्की बांधली. दिवसभर पडत होती म्हणे, आणि हसत होती."

हे सांगताना अक्कांचाही स्वर तसाच बदलला, जसा त्या दिवशी फोनवर मुलाचा बदलला होता. मला वाटले, बर्फाचा तो दिवस मुलाला खरा मिळाला तो आता, स्वतः ऑफिसात बसून.

शरणु शरणार्थी.